दिवाळीच्या सुट्टीत इतिहासाच्या मुलांना ग्रीसला न्यायचंय. अथेन्स, डेल्फी, मायसीनी, सँटोरिनी आठवड्यात बसेल का?

नाही बसणार. सँटोरिनी काढा, ते बेट आहे, बोटीवर अवलंबून.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कॉलेजातून विचारताय म्हणून लिहायला बसले. अगदी हीच यादी आमच्या विभागप्रमुखांनी केली होती आणि तेव्हाही मी हेच म्हटलं होतं. "मॅडम, मुलांना फोटो नकोत का?" असं उत्तर मिळालं. नाव मुलांचं, हौस कुणाची ते स्टाफरूमला ठाऊक होतं.

माझं माहेर हर्णैचं. बंदरात वादळाचा बावटा चढला की होडी बाहेर काढायची नाही, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. विभागप्रमुख सर घाटावरचे. सँटोरिनीला जाताना समुद्र शांत होता, त्यामुळे त्यांना आणखीच जोर. निघायच्या आदल्या दुपारी वारा फिरला. मोबाईलवर अंदाजही तसाच होता. मी म्हटलं, आज रात्रीचीच बोट पकडू. "हा काय तुमचा मचवा आहे? केवढी बोट आहे ती!" सकाळी बोटी बंद. वाऱ्याचा जोर ठरावीक मर्यादेपुढे गेला की तिथलं बंदर खातं बोटी सोडूच देत नाही, मग ती केवढीही असो. मुलं हॉटेलात पत्ते कुटत बसली आणि मायसीनी आणि एपिडॉरसचं प्राचीन नाट्यगृह दोन्ही गेलं. मायसीनीच्या ज्या सिंहद्वारावर मी टर्मभर बोलले होते, ते त्यांनी पुस्तकातच पाहिलं. वर कॉलेजच्या अहवालात 'नैसर्गिक आपत्तीमुळे कार्यक्रमात बदल'! आपत्ती कसली? त्या दिवसांत तिथल्या एजियन समुद्रात वारा सुटतोच.

तेव्हा जमिनीवरच राहा. अथेन्सला मुक्काम करा आणि मग सामान उचलून नाफ्प्लिओ या गावी जा. तिथून मायसीनी, टिरिन्सचा प्राचीन कोट, एपिडॉरस तिन्ही जवळ पडतात. डेल्फी अथेन्सहून साधारण १८० किलोमीटर. एका दिवसात जाऊन येता येतं, पण पोरं बसमध्येच दमतात, एक रात्र तिथे काढलेली बरी. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीचं तिकीट वेळ ठरवून आधीच काढा. २०२३ पासून तिथे दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे. वरचा संगमरवर पावलांनी झिजून गुळगुळीत झालाय, चपला घालून कुणाला चढू देऊ नका. आणि हिवाळ्याचं वेळापत्रक लागलं की बरीच स्थळं दुपारी तीन-साडेतीनलाच बंद होतात, त्यामुळे सकाळी नाश्त्याला रेंगाळणं परवडत नाही.

व्हिसाचं काम मात्र आत्ताच हातात घ्या. शेंगेनचा, म्हणजे ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाचा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, आणि बोटांचे ठसे द्यायला पोरांना स्वतः व्हिसा केंद्रावर जावं लागतं. आपल्याकडची खरी अडचण वेगळी. निम्मे पालक आंबा बागायतदार. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून रिटर्न भरलेलं नसतं, आणि खात्यात पैसे दिसतात ते आंब्याच्या हंगामात. सातबारा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, दोन्हींचं इंग्रजी भाषांतर आणि खर्च कोण करतंय याचं पत्र जोडा. एजंट 'चालेल हो' म्हणेल, त्याच्यावर विसंबू नका.

निघण्याआधी एक रविवार कशेळीच्या सड्यावर काढा. तिथला कातळात कोरलेला हत्ती जवळजवळ १८ मीटर लांब आहे. टेप लावून, आलेख कागदावर तो उतरवायला लावा. ज्यांनी हे केलं होतं ती मुलं डेल्फीला वही उघडून बसली, बाकीची सेल्फी काढत होती. सर म्हणाले, "सड्यावर काय बघायचंय?" असो.

आता सँटोरिनीच्या बाजूने एक सांगायलाच हवं. तिथे अक्रोटिरी आहे, साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं गाव. ते खरोखर बघण्यासारखं आहे. आमच्या यादीत ते नव्हतंच, सूर्यास्त होता. दहा-बारा दिवस हाताशी असतील तर न्या मुलांना, पण बेट सुरुवातीला ठेवा आणि परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे सोडा.

खर्चाचं विचारलंय, पण विमानाचे भाव रोज बदलतात, मी आकडा देणार नाही.