मसाल्यांचा घरगुती ब्रँड आहे. इन्स्टावर लाइक येतात, ऑर्डर येत नाहीत. मोबाइल आणि सोशल मीडियावरून ग्राहक कसा जोडावा?

तुम्ही लिहिलंय की गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि भाजणी घरी करून विकता, इन्स्टाग्रामवर रोज पोस्ट टाकता, फॉलोअर साडेचार हजार झालेत आणि ऑर्डर मात्र महिन्याला आठ-दहा. एजन्सीवाला म्हणतोय, पोस्ट बूस्ट करा, म्हणजे पैसे भरून ती जास्त लोकांना दाखवा. मी बारा वर्षं जाहिरातीच्या धंद्यात काढली, त्यातली बरीचशी तालुक्याच्या गावांतल्या दुकानदारांसाठी. त्या अनुभवावरून सांगतो, बूस्टचे पैसे तूर्त खिशात राहू द्या. आधी एवढं शोधा : तुमचा मसाला विकत घेणारी बाई फोन हातात घेतल्यावर सगळ्यात आधी काय उघडते?

माझं आवडतं उदाहरण जुनं आहे आणि त्यात सोशल मीडिया औषधालाही नाही. २०१३ साली हिंदुस्तान युनिलिव्हरला बिहार-झारखंडच्या खेड्यांत आपला माल लोकांच्या कानावर घालायचा होता. तिथे वीज बेभरवशाची, त्यामुळे टीव्ही असून नसल्यासारखा. फोन मात्र भरपूर, साधे बटणांचे. आणि त्या फोनची लोकांना एक पक्की सवय होती, मिस्ड कॉलची. फोन उचललाच नाही तर पैसे पडत नाहीत, मग एका रिंगमध्ये निरोप. आपल्याकडेही गावी पोचलं की एसटी स्टँडवरून घरी एक रिंग देऊन कापायची पद्धत होतीच. कंपनीने एक नंबर जाहीर केला. त्यावर मिस्ड कॉल दिला की तिकडून उलटा फोन यायचा आणि पंधराएक मिनिटं गाणी, विनोद, गप्पा फुकट ऐकायला मिळायच्या, अधूनमधून साबण-क्रीमच्या जाहिराती. या उपक्रमाचं नाव ‘कान खजुरा टेसन’. टेसन म्हणजे तिकडच्या उच्चारात स्टेशन, आणि कानखजुरा म्हणजे कानात शिरते म्हणतात ती आपली घोण. २०१४ मध्ये हा कानखजुरा फ्रान्समधल्या कानला गेला आणि तिथल्या जाहिरात महोत्सवात सुवर्ण लायन घेऊन आला. (मराठीत सांगताना ही कोटी आपोआप होते, माझा इलाज नाही.)

यात कंपनीने लोकांना काही नवीन शिकवलं नाही. ॲप उतरवून घ्यायला सांगितलं नाही, फॉर्म भरायला लावला नाही. जी गोष्ट लोक दिवसातून दहा वेळा करत होते तीच करायला सांगितली, आणि बदल्यात त्यांना हवं ते दिलं. शिवाय सुरुवात ऐकणाऱ्याने केली होती. आपणच बोलावलेल्या माणसाने दोन मिनिटं स्वतःची टिमकी वाजवली तर आपण ऐकून घेतो. दुपारी डोळा लागताना कर्जवाल्याचा फोन आला तर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

मिस्ड कॉलचा तेव्हा देशभर बोलबाला होता. २०११ मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनाला लोकांनी मिस्ड कॉल देऊन पाठिंबा दिला. मिस्ड कॉलवरच उभी राहिलेली बंगळूरची झिपडायल ही कंपनी २०१५ च्या जानेवारीत ट्विटरने विकत घेतली. पुढच्याच वर्षी, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, बोलणं फुकटात पडायला लागलं आणि पैसे वाचवायला एका रिंगवर फोन कापायची गरजच उरली नाही. सवयी अशा बदलतात, म्हणून दुसऱ्याची युक्ती जशीच्या तशी उचलून उपयोग नाही.

आता तुमच्या गिऱ्हाइकाकडे वळू. माझा अंदाज असा की इन्स्टावर तुमचे रील पाहणारी मुलगी पंचविशीतली आहे. ती हार्ट टाकते आणि पुढे सरकते, कारण घरात मसाला कुठला आणायचा हे तिची आई किंवा सासू ठरवते. ती सासू इन्स्टावर नाही. ती सकाळी व्हॉट्सॲप उघडते, माहेरच्या ग्रुपवरचे सुप्रभात बघते, मग एकेकाचे स्टेटस. टाइप करण्यापेक्षा तिला बोलून पाठवणं सोपं वाटतं. तुमचं दुकान तिथे हवं.

इथे माझीच फजिती सांगतो. एका तालुक्याच्या गावातल्या साड्यांच्या दुकानाचं पेज मी वर्षभर सांभाळलं. गुढीपाडवा, रामनवमी, अक्षय्य तृतीया, वटपौर्णिमा, एक सण सोडला नाही. सुंदर चित्र, ‘हार्दिक शुभेच्छा’, कोपऱ्यात दुकानाचं नाव. चौकातला फ्लेक्स उतरवून फोनवर लावला होता, दुसरं काही नाही. मालक एक दिवस म्हणाले, “साहेब, शुभेच्छा आपण देतो आणि साडी लोक पुण्याला जाऊन घेतात.” मला तेव्हा राग आला होता. मग एकदा मी रजेवर असताना काउंटरवरच्या मुलाने नवा माल आल्या आल्या फोन समोर धरला, गठ्ठा सोडला, एकेक पदर उलगडत किंमत सांगत गेला, मागे पंख्याचा आवाज, मध्येच कुणाचं तरी “चहा घेणार का?” तो व्हिडिओ त्याने दुकानाच्या स्टेटसला टाकला. दुपारपासून फोन सुरू झाले : ती तिसरी, मोरपंखी, ठेवून द्या. माझ्या वर्षभराच्या शुभेच्छांनी एवढे फोन आणले नव्हते.

तर व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप घ्या, फुकट आहे. कॅटलॉगमध्ये प्रत्येक मसाल्याचं पाव किलो, अर्धा किलोचं पाकीट किंमतीसकट टाका. “किंमत इनबॉक्समध्ये” हा प्रकार कृपा करून बंद करा, भाव विचारायला लाजणारी माणसं खूप असतात. एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय म्हणजे ब्रॉडकास्ट यादी. तीत २५६ जण मावतात आणि निरोप फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे. बऱ्याच जणांना ही अट जाचक वाटते. मला ती आवडते, कारण ती कान खजुरासारखीच आहे, दार आतून उघडावं लागतं. म्हणून पाकिटावर नंबराशेजारी छापा : “हा नंबर सेव्ह करून ‘मसाला’ एवढंच पाठवा, भरल्या वांग्याची आमच्या घरची कृती बोलून पाठवू.” मग ती कृती खरंच बोलून पाठवा, तुमच्या आईच्या किंवा सासूबाईंच्या आवाजात, “मीठ बेताचंच गं” यासकट. विचारल्याशिवाय कुणाला ग्रुपमध्ये ओढू नका. एकदा जो ‘लेफ्ट’ झाला तो पाकीटही घेत नाही.

स्टेटसला काय टाकायचं याची चिंता तुमच्या धंद्यात तरी नसावी. मार्च ते मे डंकापुढे रांग असते. आज ब्याडगी काय भावाने मिळाली, संकेश्वरी यंदा कशी आहे, देठ खुडायला कोण कोण बसलंय, खोबरं भाजताना कुठल्या रंगावर थांबायचं, हे सगळं घरोघरी बायकांच्या बोलण्यातलं आहे. आणि प्रश्न टाका. “गोड्या मसाल्यात दगडफूल किती?” असं विचारून बघा, भांडणं होतील, चांगली भांडणं. उत्तर देणाऱ्या प्रत्येकीला नाव घेऊन उत्तर द्या. हे काम एजन्सीकडे सोपवू नका, त्यांच्या पोराला दगडफूल म्हणजे काय ते माहीत नसतं. (मलाही नव्हतं.)

सूर मात्र एकच ठेवा. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६ पासून चालू घडामोडींवर एक ओळ बोलते आहे. तेव्हा मुंबईच्या होर्डिंगवर बोलायची, आता इन्स्टावरही बोलते, आणि ती कोण हे सांगावं लागत नाही. आज सासूबाईंचा आवाज आणि उद्या “हे गाईज!” असं केलंत तर ओळख टिकत नाही.

लोक पुढे काय पाठवतात तेही बघा. २०२१ च्या दिवाळीत कॅडबरीने शाहरुख खानच्या तोंडी गावोगावच्या किरकोळ दुकानांची नावं घातली. दुकानदाराला स्वतःच्या दुकानाच्या नावाची जाहिरात बनवून घेता येत होती. त्यात स्वतःचं नाव आहे म्हटल्यावर तो ती दहा ठिकाणी पाठवणारच. तुमच्याकडे शाहरुख नाही, पण एखाद्या गिऱ्हाइकाने तुमच्या मसाल्याची आमटी करून फोटो पाठवला तर तिला विचारून, तिच्या नावासकट तो स्टेटसला लावता येतो. तिच्या सगळ्या नणंदा तो बघतील.

इन्स्टा बंद करू नका, परगावच्या आणि परदेशातल्या मुलांसाठी ते राहू द्या. फक्त सगळी मदार त्यावर ठेवू नका. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप बंद केली तेव्हा तिथे लाखभर लोक जमवलेल्यांचं सगळं एका रात्रीत गेलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टा आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सहाएक तास झोपले होते. म्हणून नाव, नंबर, गाव, काय घेतलं आणि कधी, हे एका वहीत लिहा. दोन महिन्यांनी पाकीट संपत आलं असेल तेव्हा वही बघून “मसाला पुरतोय ना, काकू?” एवढं विचारलं की काम होतं. हे कुठलंच बूस्ट करून देत नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर वहीत निदान शंभरेक नावं झाल्यावर करा, तेही एखाद्या गावापुरती, दाबलं की थेट तुमच्या व्हॉट्सॲपवर येईल अशी जाहिरात देऊन. कुणा यूट्यूबवालीला पैसे देऊन चव घ्यायला लावलीत तर ती जाहिरात आहे हे तिला स्पष्ट सांगू द्या. जाहिरात मानक परिषदेचा हा नियम २०२१ पासून आहे, आणि लपवलं तरी बायकांना कळतंच.

आणि रात्री साडेनऊनंतर फोन जवळ ठेवा. ओटा आवरून झाल्यावरच विचारणा येते, आणि तिला उत्तर सकाळी दिलंत तर तोवर तिने दुकानातलं पाकीट आणलेलं असतं.