ठोसा मारला, पण बसला का?

प्रश्न असा आहे : 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', म्हणजे आपल्याकडचा 'मुस्तफा', आणि त्याच्या जातीचे, एकट्याने गुंडांच्या टोळ्या बडवायचे जुने आर्केड गेम यांच्यावर मराठीत लिहायचे आहे. कॉम्बो (लागोपाठचे फटके), ग्रॅब (गुंडाला धरणे) आणि स्पेशल मूव्ह (घेरल्यावर मारायचा खास डाव) यांना 'संयुक्त प्रहार', 'ग्रहण' आणि 'विशेष चाल' असे प्रतिशब्द कोणीतरी सुचवले आहेत. ते वापरावेत का?

'ग्रहण' नकोच, वाचक आभाळाकडे बघायला लागेल. 'चाल'ही नको. चाल बुद्धिबळात असते. एकदा तू, एकदा मी, असा तिचा आळीपाळीचा हिशेब. अंगाला अंग भिडते तिथे मराठीत 'डाव' असतो. तालमीत कोणी 'काय चाल टाकली' म्हणत नाही, 'काय डाव टाकला' म्हणतात.

पण नामांची फार चिंता करू नका. या खेळांचे मर्म मराठीत पकडायचे तर क्रियापदे हाताशी हवीत, आणि ती आपल्याकडे उत्तम आहेत. ठोसा 'मारणे' हे मारणाऱ्याचे काम. ठोसा 'बसणे' ही पुढची गोष्ट. 'मारला, पण बसला नाही' हे वाक्य आपण विचार न करता बोलतो, आणि या गेमांचे सगळे यंत्र त्या दोन क्रियापदांच्या मधल्या फटीत चालते.

'कुंग-फू मास्टर'मध्ये (१९८४) हिरो एकाच रेषेत डावी-उजवीकडे सरकायचा. टेक्नॉस कंपनीच्या 'रेनिगेड'ने (१९८६) आणि 'डबल ड्रॅगन'ने (१९८७) त्याला रस्त्याच्या रुंदीतही, म्हणजे पडद्यावर वर-खाली, चालायला लावले. तेव्हापासून गुंड अगदी नाकासमोर दिसत असूनही जरा वरच्या ओळीत असू शकतो. तुम्ही बटण दाबता, हात पुढे जातो आणि मूठ हवेतून परत येते. मारला, हुकला. बसतो तेव्हा मात्र कळते : 'मुस्तफा' काढणाऱ्या कॅपकॉम कंपनीच्या गेमांमध्ये मारणारा आणि मार खाणारा दोघेही निमिषभर थबकतात आणि मग चित्र पुढे सरकते. फटक्याला जो वजनदारपणा वाटतो तो बराचसा त्या थबकण्यातून येतो.

आता कॉम्बो. कॅपकॉमचाच 'फायनल फाइट' (१९८९) घ्या. त्यात कोडी, गाय (Guy) आणि हॅगर असे तीन हिरो. एकच अटॅकचे बटण लागोपाठ दाबायचे. पहिले दोन ठोसे हलके, पुढचे जोराचे, शेवटच्याला गुंड आडवा. यात 'संयुक्त' काही नाही, सगळे एकापाठोपाठ आहे. शिवाय अट अशी, की आधीचा बसला तरच साखळी पुढे सरकते. कसलेले खेळाडू कोडीला घेऊन यातच एक खोडी करतात. दोन ठोसे बसले की झटकन तोंड फिरवून तिसरा मुद्दाम मागच्या मोकळ्या हवेत मारायचा. साखळी तुटते, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. गुंड मात्र अजून झोकांड्या खात उभाच. परत फिरून दोन ठोसे. असे करत राहिले तर तो ना पडतो, ना हात उचलू शकतो. ही युक्ती लिहिताना 'हुकणे' पुरत नाही, 'हुकवणे' लागते, आणि तेही मराठीत तयारच आहे. तेव्हा 'कॉम्बो' हे नाम खुशाल ठेवा. लोक ते बोलतात, आणि 'कॉम्बो बसला', 'कॉम्बो तुटला' अशी मराठी क्रियापदे त्याला बिनतक्रार लागतात.

ग्रॅबला 'पकड' चांगला आहे. फक्त 'पकडीचे बटण' लिहू नका, कारण या गेमांत बहुधा तसे बटण नसते. गुंडाच्या अंगावर चालून गेले की तो आपोआप हातात येतो. मग नुसते अटॅक दाबले तर मार, दिशा देऊन दाबले तर फेक. कोडी आणि गाय खांद्यावरून फेकतात, त्याला 'धोबीपछाड' म्हणायला हरकत नाही. हॅगर वेगळा. तो माणसाला धरून चालू शकतो, धरल्याधरल्या उडी मारतो, आणि हवेत अटॅक दाबले की त्याला उलटा करून डोक्यावर आपटतो. त्याला 'पाइलड्रायव्हर'च म्हणा. आपल्या मातीतल्या डावाचे नाव तिथे ओढूनताणून लावले तर कुस्ती कळणारा माणूस हसेल. 'डबल ड्रॅगन'मध्ये केस धरून गुडघा हाणतात. तिथे सरळ 'झिंज्या धरून' लिहावे.

बटणांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. 'रेनिगेड'मध्ये ठोशाचे आणि लाथेचे बटण अशी वाटणी नाही. एक बटण डावीकडे मारायचे, एक उजवीकडे, मधले उडीचे. तोंड असेल त्या बाजूला ठोसा जातो, पाठीमागे लाथ. तेव्हा 'लाथेचे बटण' हा शब्द तिथे खोटा ठरतो, हिरो वळला की तेच बटण ठोशाचे होते.

स्पेशल मूव्हसाठी मी 'कोंडीफोड' सुचवेन. अटॅक आणि उडी एकदम दाबली की हिरो गरकन फिरतो आणि चहूबाजूंचे गुंड उडतात, पण तो फटका कोणाला बसला की आपलीही थोडी लाईफ (ताकदीची पट्टी) जाते. 'फायनल फाइट'मध्ये हे आहे, 'मुस्तफा'मध्येही. चौघांनी घेरल्यावर सुटायला म्हणून तो डाव आहे. उठसूट वापरला तर बॉसपर्यंत, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या म्होरक्यापर्यंत, अंगात काही उरत नाही. 'विशेष' म्हटल्याने यातले काहीच कळत नाही. नवा शब्द खटकला तर 'स्पेशल मारून कोंडी फोडली' असे लिहा, काम भागेल.

गेमच्या प्रकारालाच नाव हवे असेल तर 'हाणामारीचा गेम' म्हणा. 'स्ट्रीट फायटर'सारख्या एकास एक गेमला 'झुंज' शोभते, हाणामारीला गर्दी लागते. आणि 'लाईफ' हा शब्द पट्टीसाठीही वापरतात आणि उरलेल्या संधींसाठीही. एकाच लेखात दोन्ही आले तर गोंधळ होतो. पट्टीला 'लाईफ' ठेवा, संधींना 'जीव' म्हणा : 'लाईफ संपली, एक जीव गेला, अजून दोन आहेत.'