गायरानातलं घुबड

प्रश्न : गायरानात कुसळी गवत कापताना अगदी पायाजवळून घुबड भर्रकन उडालं. डोळे पिवळेधमक. सासूबाई म्हणतात, अपशकुन आहे, रान पेटवून द्या. काय करू? (एक शेतकरी ताई, भूम तालुका)

उत्तर : ताई, पेटवू नका, हात जोडून सांगतो. वर्णनावरून ते आखूड कानांचं घुबड वाटतं. हिवाळ्यात ते उत्तरेकडून आपल्या माळावर येतं. झाडावर क्वचितच बसतं, दिवसा गवताच्या बुडाशी दडतं. म्हणून विस्तव आणि मोकाट कुत्री हेच त्याचे काळ.

गेल्या पौषात आमच्या माळावर मला त्याने ओकलेली करडी गोळी सापडली. पाण्यात भिजवून सोडवली, तर केसांच्या गुंत्यात उंदरांचे तीन जबडे, पिवळसर दात तसेच घट्ट! सासूबाईंना ते जबडे दाखवायला हवेत. ज्वारीची कणसं कुरतडणारे तेच हे उंदीर.

ते उडालं त्या जागेभोवतीचं गवत होळीपर्यंत राहू द्या, बाकीचं खुशाल कापा. बांधावर उंदरांचं औषध टाकू नका. मेलेल्या उंदरातून ते घुबडाच्या पोटात जातं. कोणी त्याला मारायला निघालंच, तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, हे स्पष्ट सांगा आणि वनरक्षकाला कळवा.