चार बॅकलॉग, सहा लाखांचं कर्ज आणि मोटार दुरुस्ती

प्रश्न : मी नाशिकला अंबडच्या एका कंपनीत आहे, निवृत्तीला चार वर्षं उरली आहेत. मुलगा बारावी सायन्सनंतर खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला गेला. पहिल्या वर्षाचे चार विषय राहिले, वायडी (इयर डाउन) लागली, म्हणजे वर्ष गेलं. आता म्हणतो, आयटीआय करून इलेक्ट्रिशियन होतो. त्याचे फॉर्म, फी, क्लास सगळं मीच बघतो, काही कमी पडू दिलेलं नाही. दिंडोरीला मामाच्या मळ्यात पाण्याच्या मोटारी उघडत बसायचा, ते बंद केलं. घरावर 6 लाखांचं टॉप-अप कर्ज (चालू गृहकर्जावर वाढीव कर्ज) काढून दुसऱ्या कॉलेजात घालायचा विचार आहे. नाशिकमध्ये कुठलं कॉलेज, कुठली ब्रँच बरी? नातेवाइकांत इज्जतीचा प्रश्न आहे.
– एक पालक, सिडको

उत्तर : कॉलेजचं नाव मी सुचवणार नाही. तुमच्या पत्रात चार बॅकलॉगपेक्षा, म्हणजे राहिलेल्या विषयांपेक्षा, मला जास्त खटकलं ते हे की, वीस वर्षांच्या आसपासच्या मुलाचा परीक्षा फॉर्मसुद्धा वडील भरतात. ब्रँच तुम्ही निवडली असणार, क्लास तुम्ही लावला, नापास झाल्यावर पुढचं कॉलेजही तुम्हीच शोधताय. मग त्याच्या वाट्याला उरलं काय? फक्त नापास होणं. फी किती, ती कुठून आली, शेवटची तारीख कोणती, यातलं त्याला काहीच ठाऊक नसेल तर ते कमी पडू न देणं नव्हे, त्याला कामातून वगळणं आहे. आणि जे एक काम तो आपणहून करत होता, तेच तुम्ही बंद केलंत.

आधी कर्जाचा हिशेब करू. 6 लाख, 10 टक्के व्याज, 10 वर्षं मुदत धरली तर हप्ता महिना साधारण 7,900 रुपये येतो आणि पहिला हप्ता पुढच्याच महिन्यात. एकूण परतफेड साडेनऊ लाखांच्या घरात जाते. तुम्ही निवृत्त व्हाल तेव्हा सहा वर्षांचे हप्ते बाकी असतील आणि गहाण तुमचं राहतं घर असेल. शैक्षणिक कर्जात निदान मुलगा स्वतः कर्जदार असतो, पालक सहअर्जदार, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. मधल्या काळाचं व्याज चढतच राहतं, हेही त्याला कागदावर मांडून दाखवा. खरं तर हा हिशेब त्यालाच करायला लावा.

आता ‘आयटीआय केलं की शिक्षण संपलं’ या समजाबद्दल. पत्रात तुम्ही तो शब्दांत मांडलेला नाही, पण इज्जतीच्या वाक्यात तोच आहे. वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन, हा ट्रेड दोन वर्षांचा. दहावीनंतरचा दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि डिप्लोमानंतर इंजिनीअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. वाट लांबची आहे आणि शेवटी गणित पुन्हा गाठतंच, हे लपवू नका. पण दार बंद होत नाही. शिवाय महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीत वीजतंत्री किंवा तारतंत्री (वायरमन) आयटीआयच मागतात. ओझरचं एचएएल, म्हणजे विमान कारखाना, दरवर्षी आयटीआय झालेल्यांना अप्रेंटिस म्हणून घेतं, नाशिक रोडच्या नोट प्रेसमध्येही आयटीआयवर तंत्रज्ञांची भरती निघते.

पुन्हा सीईटी किंवा बारावीच्या जोरावर डिप्लोमाचं थेट दुसरं वर्ष, हे दोन पर्याय आहेतच. ते तुम्हाला माहीत असणार.

तरीही आयटीआय हा गणितातून पळायचा रस्ता तर नाही ना, हे तपासायला हवं. त्याला दोन प्रश्न विचारा. थ्री-फेज मोटारीचा एक फेज गेला तर ती का जळते? उत्तर असं: उरलेल्या दोन फेजवर मोटार तेवढाच भार ओढायला जाते, त्यांतला करंट वाढतो, वाइंडिंग तापतं. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले नीट लावलेला असेल तर तो तोडतो. पण सारखा ट्रिप होतो म्हणून मळ्यावर कुणीतरी त्याचं सेटिंग वाढवून ठेवतं आणि मग रिवाइंडिंगचा खर्च बसतो. दुसरा प्रश्न: दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीवर 32 अँपिअरचा एमसीबी लावला तर? एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, तो वायर वाचवायला असतो. इथे भार वाढला तर वायर तिच्या ताकदीबाहेर तापत राहील, इन्सुलेशन वितळायला लागेल आणि तरी एमसीबी पडणार नाही. मुलगा कारणासकट बोलला तर त्याला अडवू नका. ‘माहीत नाही, पण मोटार चालू करून देतो’ म्हणाला तर त्याला आयटीआयची जास्तच गरज आहे. आणि दोन्ही प्रश्नांत त्याला रसच नसेल, तर हे पळणं आहे, तसं त्याला तोंडावर सांगा.

प्रवेश ऑनलाइन, राज्यभर एकत्र होतो. गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते, त्यामुळे चार बॅकलॉग तिथे कुणी विचारत नाही. वयाची वरची अट नाही. सातपूरची शासकीय आयटीआय पसंतीक्रमात वर ठेवावी, फी खासगीच्या मानाने नगण्य असते. पर्याय भरताना वीजतंत्रीसोबत तारतंत्रीही टाकावा. फक्त एकच ट्रेड भरून बसलेली मुलं शेवटच्या फेरीपर्यंत लटकतात. सध्याच्या कॉलेजातून दाखला आणि मूळ गुणपत्रिका परत घ्यायचा अर्ज त्यानेच लिहायचा, पोच त्यानेच घ्यायची.

सुरुवातीचा पगार कमी असेल, बहुधा कंत्राटदारामार्फत. पगाराची चिठ्ठी मागायची आणि पीएफ कापला तर तो खरंच भरला जातोय का, हे यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) दर महिन्याला बघायचं. नोकरी सोडताना बघून उपयोग नसतो. बाहेर वायरिंगची कामं घेणारी हुशार मुलं बुडतात ती हिशेबात. गिऱ्हाइकाचे मालाचे पैसे आणि आपली मजुरी एकाच खिशात जाते, महिनाअखेर कमाई किती झाली ते कळत नाही. माल गिऱ्हाइकाकडूनच आणवायचा, मजुरी पॉइंटप्रमाणे (दिवा, पंखा, प्लग यांच्या प्रत्येक जोडणीमागे) आधी लिहून द्यायची, वाढीव पॉइंटचा दर त्याच कागदावर टाकायचा, ॲडव्हान्सशिवाय भिंत फोडायची नाही. पुढे स्वतःच्या नावावर टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचे दाखले, द्यायचे असतील तर विद्युत ठेकेदाराचा परवाना लागतो, तो डोळ्यांसमोर ठेवूनच अनुभवाची प्रमाणपत्रं जपून ठेवायची.

ही सवय आत्तापासून लागू शकते. मामांच्या मळ्यावर त्याला परत जाऊ द्या, पण मामांनी कामाचे पैसे द्यावेत आणि त्यातून मोबाइलचं रिचार्ज आणि पेट्रोल त्याने भागवावं. तुम्ही भरू नका, रिचार्ज संपलं तरी. नातेवाइकांनी विचारलं तर ‘तो ठरवतोय’ एवढं सांगितलं तरी पुरे. त्यांच्यापैकी कुणी हप्ता भरणार नाही.

टॉप-अपचा अर्ज बँकेत दिला असेल तर मंजुरीआधी मागे घ्या. आणि पुढचं पत्र मुलाला लिहू द्या: दहावीचे गुण, निवडलेले ट्रेड आणि वरच्या दोन प्रश्नांची त्याची उत्तरं त्यात असावीत. हा मजकूर त्याला आधी वाचायला देऊ नका.