हाताची धमनी का नको?

प्रश्न : माझे मिस्टर ६४ वर्षांचे आहेत. जुना मधुमेह, क्रिएटिनिन ३.२. अँजिओग्राफीत तिन्ही नसांत ब्लॉक निघाले, म्हणून बायपास सांगितली आहे. सर्जन म्हणाले, छातीतली आणि पायातली रक्तवाहिनी वापरू, हातातली नको. माझ्या मोठ्या दिरांची हातातलीच घेतली होती, ते ठणठणीत आहेत. मग यांचं ऑपरेशन कमी प्रतीचं होणार का? रिपोर्टात ‘महारोहिणीत कॅल्शियम’ असंही लिहिलंय. कॅल्शियमच्या गोळ्या थांबवू का?

उत्तर : ताई, सर्जनांनी हृदयासोबत मूत्रपिंडांचाही विचार केला, हे वाचून मला तर बरं वाटलं. मी मूत्रपिंडाचा डॉक्टर (नेफ्रॉलॉजिस्ट), तेव्हा माझा कल कुणीकडे असणार ते उघडच आहे!

क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडांनी रक्तातून बाहेर टाकायचा कचरा. या वयात ते ३.२ म्हणजे ईजीएफआर, मूत्रपिंडं किती गाळतात त्याचा आकडा, साधारण २१. कधीतरी डायलिसिसची वेळ येऊ शकते. त्यासाठी सगळ्यात चांगली सोय म्हणजे फिस्टुला, म्हणजे मनगटाजवळ धमनी आणि शीर एकमेकींना जोडणं. तीच धमनी बायपाससाठी काढली, तर तिथला फिस्टुला कायमचा गेला. शिवाय अशा रुग्णांत ती बऱ्याचदा कडक झालेली असते. तुमच्या दिरांची मूत्रपिंडं धड असतील, तर त्यांच्यासाठी ती निवड योग्यच होती.

आता कॅल्शियमचं. एरवी ब्लॉक होतो तो धमनीच्या आतल्या अस्तरात चरबी साठून. मूत्रपिंडं थकली की त्यात आणखी एक भानगड सुरू होते. फॉस्फरस लघवीवाटे पुरेसा जात नाही, पॅराथायरॉइडचं हार्मोन (पीटीएच) वाढतं आणि धमनीच्या मधल्या थरातल्या स्नायूपेशी चक्क हाडातल्या पेशींसारख्या वागू लागतात. तिथे कॅल्शियम बसतं, धमनी ताठ होते. बीपीचा वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो. महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी, अशी झाली असेल, तर ऑपरेशनमध्ये तिला चिमटा लावताना एखादा कण सुटून मेंदूकडे जाण्याची भीती असते. म्हणून आधी कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे तपासणीत नसा दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध न देता, सीटी करणार का, महारोहिणीला हात न लावता, हृदय चालू ठेवून बायपास जमेल का, हे सर्जनांना जरूर विचारा.

गोळ्या मात्र परस्पर थांबवू नका. त्या जेवणासोबत दिल्या असतील, तर बहुधा अन्नातला फॉस्फरस बांधून ठेवायला आहेत. फॉस्फरस, कॅल्शियम आणि पीटीएच तपासून नेफ्रॉलॉजिस्ट त्या बदलतील. कॅल्शियम नसलेल्या गोळ्याही मिळतात.

छातीतली धमनी, सर्जनांची ‘लिमा’, फार गुणी. दहा वर्षांनीही दहातल्या नऊ चालू असतात. पायाच्या शिरा निम्म्याच्या आसपास. पण लिमा ही डाव्या हाताला रक्त नेणाऱ्या धमनीतूनच निघते. पुढे डाव्या हातात फिस्टुला केला, तर हृदयाच्या वाट्याचं रक्त हाताकडे ओढलं जाऊ शकतं. म्हणून सर्जन आणि नेफ्रॉलॉजिस्ट यांना ऑपरेशनआधीच एकमेकांशी बोलायला लावा आणि फिस्टुलासाठी कोणता हात राखायचा ते ठरवून घ्या. त्या हातात सलाईन नाही, रक्त काढणं नाही. वॉर्डात नर्स रोज बदलतात, तेव्हा त्यावर पट्टी बांधून मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

ऑपरेशननंतर काही दिवस क्रिएटिनिन चढू शकतं. बऱ्याच जणांचं उतरतंही. ईजीएफआर २१ असताना डायलिसिस लागण्याचा धोका खरा आहे, तो कुणी लपवू नये. तरीही तीन नसा तुंबलेल्या असताना केवळ त्या भीतीपोटी बायपास टाळणं मला पटत नाही. हृदयाची स्थिती वाट पाहू देत असेल, तर अँजिओग्राफी आणि ऑपरेशन यांत थोडे दिवस जाऊ द्यावेत; कॉन्ट्रास्टच्या औषधातून मूत्रपिंडं सावरतात. दुखलं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक द्यायचं नाही. आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी आधीपासून चालू असेल, तर पुढे डायलिसिस सुरू झालं तरी ती चालूच ठेवायची.