प्लग गरम लागतोय? मग आज हीटर लावू नका

प्रश्न : आमचा डिझेल ट्रक रात्री उघड्यावर उभा असतो. पारा शून्याच्या बराच खाली जातो, म्हणून इंजिनला ब्लॉक हीटर, म्हणजे उभं इंजिन विजेवर गरम ठेवणारा हीटर, बसवून घेतला. झोपताना लावतो, सकाळी काढतो. हल्ली काढताना प्लग चांगलाच तापलेला असतो, एक पिनही काळी पडली आहे. इंजिन मात्र झटक्यात सुरू होतं. असंच चालू ठेवलं तर चालेल का?

उत्तर : नाही. इंजिन सुरू होतंय म्हणजे हीटर कूलंट (इंजिनमध्ये फिरणारं थंडाव्याचं द्रव) तापवतोय, एवढंच. काळी पिन सांगतेय की जोड सैल झालाय. सैल जोडात विजेला अडथळा होतो, तिथे उष्णता तयार होते, त्या उष्णतेने सॉकेटमधली पत्ती आणखी ढिली पडते. १००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर घेतो, १२० व्होल्टवर आठच्या वर, आणि तेही तासन् तास.

माझ्याकडे असाच एक ट्रक आला होता. प्लग आणि एक्स्टेंशनचं सॉकेट वितळून एकजीव झालं होतं. पान्याने ठोकून वेगळं केलं, तर पिनेभोवतीचं प्लास्टिक कोळशासारखं हातात भुगा होऊन आलं. हीटर मीटरवर तपासला, ठणठणीत होता. ड्रायव्हर त्या रात्री केबिनमध्येच झोपला होता. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

प्लगसकट पूर्ण वायर बदला आणि सॉकेटही बदला. जुनं सॉकेट नव्या पिनेचीही तीच गत करतं. टेप गुंडाळून भागवू नका. एक्स्टेंशन उघड्यावर वापरण्यासाठी बनवलेलं, जाड तारेचं आणि अर्थिंगवालं हवं. ते पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळीतच राहिलं तर आतल्या आत तापतं. लाइनवर विजेची गळती पकडणारा ब्रेकर असू द्या. वायर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा, खूप तापणारा नळ) आणि पंख्यापासून लांब बांधलीय ना, तेही बघा.

रात्रभर लावायची गरजच नाही. निघण्याआधी दोन ते चार तास पुरतात. तेवढ्या भाराचा टायमर लावा. कूलंटची पातळी मात्र आधी बघा, कारण कूलंट नसेल तर हीटरचा तापणारा भाग, एलिमेंट, कोरडा तापून जळतो. आणखी एक : हा हीटर टाकीतलं डिझेल तापवत नाही. कडाक्यात साध्या डिझेलमध्ये मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो, त्यासाठी हिवाळी डिझेलच भरावं लागतं.

लावताना आधी ट्रकचा प्लग एक्स्टेंशनमध्ये घाला, मग भिंतीवरचं बटण दाबा. काढताना आधी बटण बंद. नवी वायर बसवल्यावर पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने बटण बंद करून प्लगला हात लावून बघा. किंचित कोमट असेल तर हरकत नाही. हात ठेववत नसेल, तर ते बटण पुन्हा दाबू नका, आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.