शार्कचा दात ओळखताना

बीडजवळच्या ओढ्यात मिळालेल्या ज्या टोकदार, चकचकीत तुकड्याचे छायाचित्र पाठवून हा शार्कचा दात आहे का असे तुम्ही विचारले आहे, तो कॅल्साइट या खनिजाचा स्फटिक आहे. आपला मराठवाडा बहुतांशी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या बेसॉल्टवर वसलेला असल्याने त्या खडकात शार्कच्या दाताची अपेक्षा धरू नये. कच्छच्या मायोसीन काळातील (सुमारे २.३ कोटी ते ५० लाख वर्षांपूर्वीच्या) थरांतला दात हाती आला, तर आधी रंग बाजूला ठेवावा, कारण काळा, तपकिरी वा राखाडी रंग गाळातील खनिजांमुळे येतो आणि त्यावरून ना जाती कळते ना वय. खऱ्या दाताचा मुकुट गुळगुळीत व चमकदार, तर मूळ निस्तेज व सच्छिद्र असते; स्फटिकात असा फरक नसतो. मग दहापट भिंगातून कडा न्याहाळाव्यात. हेमिप्रिस्टिस या शार्कच्या वरच्या जबड्यातील दातावरचे करवती दाते टोकाच्या अलीकडेच थांबतात आणि शेंडा नितळ राहतो, तर टायगर शार्कच्या दाताला मागच्या कडेवर ठळक खाच असते. मेगॅलोडॉन या नामशेष महाकाय शार्कचा म्हणून विकला जाणारा मोठा दात मुळाची डागडुजी तपासल्याविना घेऊ नये. मूळ तुटलेले असल्यास जातीचा (स्पीशीज) हट्ट न धरता प्रजातीवर (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) थांबावे, आणि ठिकाण व थर यांची चिठ्ठी दातासोबतच ठेवावी.